मोटारीचा नियम प्रोसेसरला

मोटार गरम झाली की आधी व्होल्टेज बघायचं. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण जळगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान तीस वर्षांवर चालवलं आणि माझ्या हातची मोटार परत आली तर ती दुसऱ्या कारणाने आली, वाइंडिंगने नाही. रावेर, यावलकडच्या केळीवाल्यांना हे ठाऊक आहे. लाइनच्या शेवटच्या टोकाला विहीर असली की तिथे चारशेच्या जागी तीनशे व्होल्ट पोचतात. पाणी तर तेवढंच उपसायचं असतं. मग मोटार करंट जास्त ओढते, तार तापते, वार्निशचा वास सुटतो आणि शेतकरी ती बैलगाडीत घालून माझ्याकडे आणतो. अशा मोटारीत मी तारेचे वेढे मोजून कमी भरायचो. तीनशेवर ती गार चालायची. व्होल्टेज पुरलं की मोटार गार, हा नियम.

हाच नियम मी माझ्या मुलीच्या कॉम्प्युटरला लावला. त्याची गोष्ट आमच्या समाजात बरेच दिवस फिरली, आणि माझ्या मोठ्या भावाने, म्हणजे नानाने, ती भलतीच करून सांगितली. खरी काय ती मी लिहून ठेवतो.

मुलगी धुळ्याला माझ्या बहिणीकडे राहून कॉम्प्युटर शिकली. नव्वदच्या दशकातली, शेवटाकडची वर्षं असतील. ज्याच्याकडे शिकली त्या दुकानदाराकडूनच तिने मशीन जोडून आणलं आणि माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत टाइपिंग आणि छपाईच्या डिझाइनचं काम सुरू केलं. मला ते पटलेलं नव्हतं. तिचं वय चोविसाला आलं होतं. दर आठवड्याला नाना यायचा, खुर्चीत बसायचा आणि वर बघून म्हणायचा, "पोरगी चढली वर. आता उतरवशील कशी?"

नाना समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेच्या कमिटीत होता. दर वर्षी ती पुस्तिका निघते. पानावर आठ फोटो, खाली नाव, शिक्षण, शेती किती, मामाचं गाव कोणतं. त्या वर्षी मुलीने कमिटीपुढे जाऊन ते काम मागून आणलं. नानाला ते नाकारता येईना आणि पचेनाही. त्याने माझ्याकडून तिचा फॉर्म भरून घेतला होता, फोटोसकट, आणि म्हणत होता, "काम करू दे तिले, पण तिचा फोटो बी त्याच पुस्तकात."

मुलगी जिन्यावर उभी होती. तिथूनच म्हणाली, "नाना, आबा, एक करार करू. आखाजीच्या आधी पुस्तक छापखान्यात गेलं तर माझा फॉर्म त्यात जाणार नाही आणि दोन वर्षं लग्नाचं कुणी काढायचं नाही."

"आणि नाही गेलं तर?" नाना म्हणाला.

"तर तुम्ही दाखवाल त्याच्यासमोर चहा घेऊन येईन."

मी म्हटलं, "मंजूर." नाना साक्षीला होता. फॉर्म त्याच्या खिशात राहिला.

फाल्गुन गेला, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया महिन्यावर आली, तसं ऊन वाढलं. जळगावचं ऊन ज्याने भोगलं त्याला सांगायला नको. मुलगी सकाळी सातला वर जायची. मला खाली मोटारीत वेढे भरताना वरचा आवाज ऐकू यायचा: मी स्वतः बांधलेला स्टॅबिलायझर कट् कट् करायचा, स्कॅनर घरघरायचा, आणि मग एकदम सगळं शांत, मग टुक असा आवाज. तो टुक आवाज म्हणजे मशीन परत चालू केल्याचा. पहिल्यांदा दिवसातून एकदा. मग चारदा. वेढे मोजताना माझे आकडे चुकायला लागले. एकशे दहापर्यंत मोजायचो, वर टुक व्हायचं, की परत एकपासून.

शेवटी जिना चढलो. "काहून बंद पडतं?"

"हँग होतं, आबा. मोठा फोटो उघडला की पडदा थिजतो. केलेलं जातं."

"माझ्या स्टॅबिलायझरमधून दोनशे तीस सरळ निघतात. काट्याने मोजून दाखवतो."

"बाहेरचं व्होल्टेज नाही हो. आतलं." मग तिने मला समजावलं. धुळ्याच्या दुकानदाराने मशीन देताना प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवला होता. एकशे सहासष्टचा, तो दोनशेवर. प्रोसेसर म्हणजे मशीनमधली गणितं करणारी मुख्य चिप, बोर्डाच्या मधोमध बसलेली, डोक्यावर अॅल्युमिनियमची जाळी आणि चिमुकला पंखा. तिला लागतात जेमतेम पावणेतीन व्होल्ट, थोडे वर, दोन पॉइंट आठ. जोरात पळवली की भूक वाढते. साधं टाइपिंग चालू असताना व्होल्टेज जागेवर असतं, काम पडलं की खाली बसतं.

मी हसलो. "हे तू मला सांगतेस?"

मशीनचा बाजूचा पत्रा उघडला. बोर्डावर, चिपच्या शेजारी, एक छोटी काळी कडी होती आणि तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. मला गावचा माणूस परदेशात भेटावा तसं झालं. अकरा वेढे होते, नीट भरलेले. व्होल्टेज इथूनच चिपला जात असणार. माझा काट्याचा मीटर आणला, काळी वायर पत्र्याला, लाल वायर कडीच्या पायाला. काटा दोन पॉइंट आठवर. "आता मोठा फोटो उघड." तिने एका लग्नाचा गटाचा फोटो उघडला आणि तो आडव्याचा उभा फिरवायला लावला. काटा हलला. अर्धी रेघ खाली आला आणि तिथेच थरथरत राहिला. पडदा थिजला.

लाइनच्या टोकाची विहीर. दुसरं काही नाही.

दुकानदाराने मशीनबरोबर एक कागद दिला होता. त्यावर व्होल्टेजच्या पायऱ्या होत्या: दोन पॉइंट आठ, दोन पॉइंट नऊ, तीन पॉइंट दोन, तीन पॉइंट पाच. बोर्डावर पिनांच्या जोड्या, आणि त्यांवर बसवायची ज्वारीच्या दाण्याहून जराशी मोठी काळी टोपी. टोपी ज्या जोडीवर, ते व्होल्टेज. माझ्या स्टॅबिलायझरला कमी-जास्त व्होल्टेजची टॅपिंग असतात तशीच. मुलगी एसटीडी बूथवरून धुळ्याला बोलून आली. "एक पायरी वर घ्या म्हणतोय. दोन पॉइंट नऊ. त्याच्या पुढे नाही म्हणतोय."

"पुढच्या पायऱ्या मग शोभेला दिल्यात का?"

"त्या दुसऱ्या चिपांसाठी असतात, आबा."

टोपी चिमट्याने मीच बदलली. माझा हात तिच्याहून स्थिर होता. लोड टाकला, काटा पडला, पण आता पडून दोन पॉइंट आठवर थांबला. फोटो फिरला. तीन दिवस वरून टुक ऐकू आलं नाही. पहूरहून मोटार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला मी चहा पाजला आणि काट्याच्या अर्ध्या रेघेची गोष्ट ऐकवली. तो बिचारा हो हो करत राहिला.

इथे एक गोष्ट लपवत नाही. त्या तीन दिवसांत मला चैन नव्हतं. पुस्तक वेळेवर झालं तर मुलगी दोन वर्षं हातची जाणार, हे मला कळत होतं. आणि मशीन माझ्या हाताने सुधारून परत बंद पडावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. दोन्ही खरं. दुकानातून घरात जायचो, घरातून दुकानात. बायको म्हणाली, "तुमच्या पायाले काय भोवरा लागला का?"

चौथ्या दिवशी दुपारी टुक.

वर गेलो तर मुलगी जाळीला बोट लावून बघत होती. "चटका बसतोय. तापलाय म्हणून अडकतोय, आबा. मी वेग मूळच्यावर आणते. एकशे सहासष्ट. हळू चालेल पण चालेल."

"तापला म्हणजे व्होल्टेज कमी पडलं."

"ते मोटारीचं असतं."

"वीज एकच आहे," मी म्हणालो. "मोटारीची वेगळी आणि तुमच्या कॉम्प्युटरची वेगळी असं महामंडळ पाठवत नाही."

"हळू केलं तर पुस्तक होईल का, ते बघते मी. उद्या बोदवडला जाऊन राहिलेले फोटो आणायचेत. आल्यावर वेग उतरवते. तोवर हात लावू नका."

हात लावू नका. माझ्याच घरात, माझ्याच वरच्या खोलीत, चोवीस वर्षांच्या पोरीने. हे वाक्य रात्रभर कानात राहिलं असं म्हणणार नाही, मी झोपलो. पण सकाळी ती पॅसेंजरने गेली आणि नऊ वाजता मी जिना चढलो.

टोपी काढून तीन पॉइंट दोनवर बसवली. मधे काही पायरीच नव्हती. मशीन चालू झालं. मुलगी करायची ते बघून ठेवलं होतं, तसा मोठा फोटो फिरवला, एकदा, दोनदा, दहादा. काटा एकदम ताठ. मी खाली येऊन बायकोला सांगितलं, झालं काम. परत वर गेलो. तासाभरात पडदा थिजला होता.

आता मागे वळून बघतो तर सरळ दिसतं. त्या चिपला दोन दुखणी होती आणि दोन्हींची लक्षणं एक. व्होल्टेज कमी पडलं तरी थिजायची, आणि तापली तरी थिजायची. पहिलं दुखणं आम्ही एका पायरीत बरं केलं होतं. दुसरं मी वाढवत होतो. मोटारीला व्होल्टेज पुरलं की ती करंट कमी ओढते, गार होते. चिपचं उलटं. तिला जेवढं व्होल्टेज जास्त तेवढी ती जास्त खाते, आणि तापते त्याच्याहून जास्त. वर जळगावचं ऊन, पत्र्याचं छप्पर, आणि तो चिमुकला पंखा खोलीतलीच आग तिच्यावर फुंकत होता. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की जाळी तापलीय, म्हणजे अजून उपाशी आहे.

तीन पॉइंट पाच.

अर्धा तास ती वाऱ्यासारखी चालली. मी खुर्चीत बसून फोटो फिरवत होतो. कुणाची तरी नवरी, कुणाचे तरी मामा, डावीकडे, उजवीकडे. मग पडदा काळा झाला. टुक करायला बटण दाबलं, पंखा फिरला, टुक नाही. परत दाबलं. नाही. आणि तो वास आला. वार्निशचा नव्हे, पण वास आला की माझ्या धंद्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. टोपी परत दोन पॉइंट आठवर आणली. मेलेल्याच्या तोंडात पाणी घालतात तसं ते होतं.

मी तसाच उघड्या पत्र्यासमोर बसलो होतो, तेवढ्यात नाना वर आला. त्याने मशीनकडे बघितलं, माझ्या हातातल्या चिमट्याकडे बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या माणसाने आयुष्यात माझ्या खांद्यावर कधी हात ठेवला नव्हता.

"बरं केलं," तो म्हणाला. "बापालेच करा लागतं. मले वाटलं व्हतं, तुले जमणार नाही."

मी चिमटा खाली ठेवला. खरं बोललो तर काय सांगणार? की मुद्दाम नाही केलं, मला येत नव्हतं म्हणून जळालं? तीस वर्षं जळगावात ज्याच्याकडे लोक जळालेलं घेऊन येतात, त्याने स्वतः जाळलं, आणि अडाणीपणाने जाळलं? नाना समजला होता त्यात निदान मी हुशार होतो.

मुलगी चारला आली. खांद्याला फोटोंची पिशवी, चेहरा उन्हाने लाल. तिने बटण दाबून पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं. नाना तिथेच होता, त्याने सांगून टाकलं, "तुह्या बापाने तुह्या भल्यासाठी केलं, बाई. आता आदळआपट करू नको."

तिने आदळआपट केली नाही. मला विचारलं, "आबा, मुद्दाम?"

मी खाली उतरलो. दुकानात एका मोटारीचं आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा गाभा, अर्धं भरलेलं होतं. ते हातात घेतलं आणि ठेवलं. परत घेतलं. आखाजीला अकरा दिवस होते.

सकाळी मी मशीनचा डबा चादरीत बांधला आणि एसटी स्टँडवर गेलो. ती मागून आली. धुळ्याची गाडी लागली, मी खिडकीशी, डबा मांडीवर, ती दोन सीट सोडून. पारोळ्याला तिने पाण्याची बाटली माझ्याकडे दिली, तीसुद्धा मधल्या बाईच्या हातून.

धुळ्याचा दुकानदार तिच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. त्याने चिप उपटून उलटी केली, नाकाशी नेली आणि मला दाखवली. मधोमध तपकिरी डाग पडला होता. त्याचं बोलणं सगळं अहिराणी. "आबा, हाई जयी गयी. बठ्ठा वास मारी राहिना." मग कपाळाला आठ्या घालून, "मी एकच पायरी सांगेल व्हती. कोनी करं हाई?"

माझ्या आधी मुलगी बोलली.

"मी केलं. कागद नीट वाचला नाही."

तो हसला. "ताई, तुमीन तर माना कडे शिकेल शेत." आणि त्याच्या दुकानात खुर्चीवर बसलेली दोन गिऱ्हाइकं पण हसली. ती मान खाली घालून फोटोंच्या पिशवीचा बंद सोडत-बांधत राहिली.

बापाला चारचौघांत खाली बघायला लावायचं नाही, हे आमच्या मुलींना आयांनी शिकवलेलं असतं. पण तिच्या मनात तर हेच होतं ना, की मी मुद्दाम जाळलं? जो माणूस आपलं मशीन मुद्दाम जाळतो, त्याच्यासाठी तिने आपली विद्या खोटी ठरवली होती. परक्या गावात, ज्याने शिकवलं त्याच्यासमोर. मला तिथे उभं राहवेना.

"ती खोटं बोलतेय," मी म्हणालो. "टोपी मी बदलली. दोन वेळा. ती नको म्हणाली होती. चिप तापली, मला वाटलं व्होल्टेज कमी पडतंय. मोटारीचं तसं असतं. याचं उलटं असतं ते मला माहीत नव्हतं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

दुकानदाराने खुर्ची पुढे केली. "बसा, आबा. मोटारीनं कसं राहस ते मालेबी माहीत नही." मग मी त्याला सांगितलं, आणि त्याने मला चिपचं सांगितलं, ते वर लिहिलंय ते. बोर्ड तपासला, बोर्ड वाचला होता. नवी चिप त्याच्याकडे त्या दिवशी नव्हती. एक जुनी होती, एकशे तेहतीसची. ती त्याने बसवली, तिच्या ठरलेल्या व्होल्टेजवर आणि ठरलेल्या वेगावर, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हाई पळनार नही. चालीन."

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली. एरंडोल येईपर्यंत डब्यावरची चादर सरळ करत होती. मग म्हणाली, "म्हणजे मुद्दाम नाही."

"मुद्दाम करायचं असतं तर मेनची वायर ओढली असती. अर्धा दिवस पत्र्याखाली कशाला भाजून घेतलं असतं?"

"काल का नाही बोललात?"

"नाना होता."

ती खिडकीतून बाहेर बघायला लागली. हसत होती का रडत होती, मी बघितलं नाही.

त्या हळू चिपवर पुस्तक वेळेत होणार नव्हतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं. एक फोटो फिरायला मी खाली चार वेढे भरायचो एवढा वेळ घ्यायची. मुलगी पहाटे गारव्यात बसायला लागली, दुपारी पत्रा उघडून टेबलपंखा लावायची. मी वर गेलो नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायचो आणि काढायचो. आखाजीच्या दिवशी गल्लीत माहेरवाशिणी आल्या, झोके बांधले गेले, गाणी सुरू झाली, आणि वर तिची एकवीस पानं राहिली होती. पुस्तक छापखान्यात गेलं आखाजीनंतर पाचव्या दिवशी.

नाना आखाजीच्या दुसऱ्याच दिवशी आला होता. खिशाला हात लावून म्हणाला, "करार म्हंजे करार. शेवटचं पान रिकामं ठेवाले सांग."

"फॉर्म दे इकडे."

"काहून?"

"पुस्तक तिच्याने लांबलं नाही. माझ्याने लांबलं. ती वेग उतरवणार होती, मी व्होल्टेज चढवलं. मला समजत नव्हतं, नाना. मुद्दाम नव्हतं ते."

माझ्या खांद्यावर ठेवलेला हात नानाला परत घ्यावासा वाटत असावा. "अन् मी कमिटीत काय सांगू? बठ्ठ्यांले सांगितलं मी, भावाने पोरीसाठी छातीवर दगड ठेवला."

"सांग की भावाला येत नव्हतं."

"लोक हासतीन तुले."

"हसू दे."

"तुह्याकडे मोटारी कोण आणीन मग?"

ती भीती मला त्याच्या आधीच लागली होती. तरी हात पुढे केलेला ठेवला. त्याने फॉर्म काढला, चार घड्या पडलेला, आणि माझ्या हातात न देता बाकड्यावर, वार्निशच्या डब्याशेजारी ठेवला. जाताना म्हणाला, "दोन वर्षं. मी मोजीन."

त्याने कमिटीत काय सांगितलं हे कळायला वेळ लागला नाही. त्याने दोन्ही सांगितलं: आधी मुद्दाम, मग येत नव्हतं. लोकांनी ज्याला जे आवडलं ते घेतलं. पावसाआधी मोटारी आल्या, नेहमीपेक्षा थोड्या कमी. बोदवडचा एक म्हातारा केळीवाला मोटार उतरवताना म्हणाला, "आबा, ही मोटारच शे बरं का. कॉम्प्युटर समजून भरू नका."

"मोटार आहे म्हणून तर हात लावतोय," मी म्हणालो, आणि वेढे मोजायला बसलो. वरून स्कॅनरची घरघर येत होती. नव्वदच्या पुढे आकडा चुकला, परत एकपासून सुरू केलं.